दोरी अडली कुठे? राजेंद्रनगरच्या मैदानावरचं एक प्रकरण

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या वसाहतीचं छोटं मैदान आहे. गणपतीचा मांडव तिथेच पडतो, म्हणून श्रावण सरायच्या आत तिथलं गवत काढावं लागतं. माळव्याच्या काळ्या मातीत पाऊस मुरला की हरळी आणि लव्हाळा गुडघ्याला लागतो आणि कुंपणाच्या कडेने गाजरगवत माजतं. पूर्वी चार बायका विळे घेऊन दोन दिवसांत मैदान मोकळं करत. नंतर समितीने पेट्रोलवरचं ब्रश कटर घेतलं. इंदुरात त्याला सगळे घास कटरच म्हणतात. खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारं नायलॉनचं हेड आणि हेडच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या दोरीच्या शेपट्या. ही दोरी गवत कापते, कापताना झिजते, तुटते. हेड जमिनीवर हलकंच टेकवलं की आतून तेवढीच नवी दोरी बाहेर येते. यायला हवी.

मागच्या श्रावणात ती येईना. आमचा माळी बऱ्हाणपूरकडचा, पंचविशीतला, कामाला चोख. तो दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करी, हेड उघडून दोरी हाताने ओढी आणि पुन्हा सुरू करी. दीड महिन्यात दोरीची दोन बंडलं संपली. त्यातली बरीचशी मैदानात तुकड्यांच्या रूपाने पडलेली सापडली. आमचे सचिव अण्णा मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी हिशेब पाहिला आणि ठरवलं की पोरगा निष्काळजी आहे. एका बंडलाचे पैसे त्याच्या पगारातून कापले.

मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवत असे. यंत्राच्या दोषाची वसुली माणसाच्या पगारातून होताना मला बघवलं नाही. अण्णांना म्हटलं, "आठ दिवस द्या. दोष त्याचा निघाला तर मीच त्याला सांगेन."

पहिल्या दिवशी मी यंत्राला हात लावला नाही, नुसती बघत उभी राहिले. चार गोष्टी टिपल्या. हेडवरचा प्लास्टिकचा गार्ड काढून टाकलेला होता. ओलं गवत त्यात अडकून गोळा होतं, म्हणून. दोन्ही शेपट्या एकसारख्या नव्हत्या, एक वीतभर आणि दुसरी दोन बोटं. शेपूट पार आखूड होऊन गवत नुसतं झोडपलं जाऊ लागलं की मगच माळी हेड ठोकत होता. आणि ठोकण्याआधी रेस सोडत होता.

"रेस का सोडतोस?"

"मावशी, फुल रेसवर ठोकलं तर खडे उडतात. अण्णा पण ओरडतात, मशीन फोडशील म्हणून. मी टेकवतो, टोपी आत जाते, पण तार येतच नाही."

माळी मंडळी दोरीला तारच म्हणतात. टोपी म्हणजे हेडच्या तळाला असलेलं गोल बटण.

इथे हेडच्या पोटात काय चालतं ते सांगायला हवं. बहुतेकांच्या मनात त्याचं चित्र उलटं असतं, माझ्याही मनात सुरुवातीला होतं. आपल्याला वाटतं की टोपी दाबली की आतलं काहीतरी दोरीला बाहेर ढकलतं. ढकलणारं तिथे काहीच नाही. डबीसारखं एक घर आहे आणि त्यात दोरीचं रीळ. रिळाच्या कडेला दाते आहेत, घराच्या आतल्या अंगाला आडवे ठोकळे. स्प्रिंग रिळाला एका बाजूला दाबून धरते, त्यामुळे दाते ठोकळ्यांना अडतात आणि रीळ घराबरोबरच फिरतं. टोपी जमिनीला टेकली की रीळ स्प्रिंगविरुद्ध वर सरकतं, दाते सुटतात. त्या क्षणी बाहेरची शेपूट, स्वतःच्याच फिरण्याच्या जोराने, दोरी ओढून घेते. रीळ थोडं घसरतं आणि पुढच्या ठोकळ्याला अडतं. हेड उचललं, स्प्रिंगने रीळ खाली आणलं, की आणखी थोडं घसरतं आणि पुन्हा अडतं. लंबकाच्या जुन्या घड्याळात वजन सतत खाली ओढत असतं आणि लंबक एका झोक्याला चक्राचा एकच दात सोडतो. इथे वजनाच्या जागी शेपूट आहे आणि लंबकाच्या जागी टोपी. टोपीचं काम फक्त कडी काढण्याचं. दार उघडायचं ते दोरीनेच.

हे कळल्यावर आमचं सगळं प्रकरण दोनच प्रश्नांवर आलं. ओढ पुरेशी आहे का? आणि वाट मोकळी आहे का?

ओढीचा हिशेब वहीत मांडला. २.४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सेंटिमीटरला जेमतेम ०.०५ ग्रॅम भरते. १५ सेंटिमीटरची शेपूट म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास. पण हेड मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर हेच पाऊण ग्रॅम रिळाला जवळजवळ चार किलोच्या वजनाएवढं ओढतं. शेपटीचं टोक तेव्हा ताशी साडेचारशे किलोमीटरच्या घरात पळत असतं. म्हणून तर एवढीशी मऊ दोरी लव्हाळा कापते.

आता रेस निम्म्यावर आणा. ओढ वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे निम्मी नाही, पाव उरते. चार किलोचा एक किलो. आणि वेग पूर्ण ठेवून शेपूट ३ सेंटिमीटरची होऊ दिली तर? वजन पाचपट घटलं, शिवाय उरलेलं वजन मध्याजवळ आलं, म्हणून आणखी निम्मं. ओढ एक दशांश, चारशे ग्रॅम. माळी दोन्ही गोष्टी एकदम करत होता. शेपूट आखूड झाल्यावर आणि रेस सोडून. रिळाला ओढायला शंभर ग्रॅमचाही जोर उरत नव्हता. त्यात त्याचा काय दोष? त्याला हे यंत्र कुणी शिकवलंच नव्हतं. दुकानदाराने पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं ते सांगितलं आणि पट्टा खांद्याला अडकवून दिला, एवढंच.

एवढ्यावर प्रकरण मिटेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की शेपूट चार बोटांवर यायच्या आत, पूर्ण रेसवर, मऊ गवतावर टेकव. त्याने तसंच केलं. एकदा दोरी आली, दुसऱ्यांदा थोडी आली, मग पुन्हा ठप्प. मी स्प्रिंगवर संशय घेतला. स्प्रिंग थकली असेल, रीळ नीट परतत नसेल. सियागंजच्या बाजारातून नवी स्प्रिंग आणवली, बसवली. काडीचा फरक पडला नाही. ओढ मोजली होती आणि वाट न तपासताच सुटा भाग बदलला. हे चुकीचंच होतं.

मग हेड दांड्यावरून उतरवलं. इथे एक सांगून ठेवते. या यंत्रांत हेडचा आटा बहुधा डावा असतो, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला फिरवून सुटतो, म्हणजे चालताना तो आपोआप घट्ट होत राहावा. गिअरच्या डबीला एक भोक असतं, त्यात पिन घालून दांडा अडवायचा आणि मग हेड फिरवायचं. आमच्या डबीवर पान्याचे ओरखडे होते. कुणीतरी आधी नेहमीच्या दिशेला फिरवून बराच जोर करून पाहिला होता. आणि हे सगळं स्पार्क प्लगची टोपी काढल्यानंतरच.

हेडची टोपी उघडली तर आत काळी माती. माळव्याची चिकण माती, गवताच्या रसात कालवून वाळलेली, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चुन्यासारखी घट्ट बसलेली. कापूस पिकवणारी ही माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. ओल्या मैदानावर हेड टेकवलं की टोपी मातीत रुतते, वर सरकत नाही, आणि फटीतून माती आत जाते. मग ती आत वाळते. रिळाला वर जायला जेमतेम निम्मी जागा उरली होती. दाते पुरते सुटतच नव्हते. "टोपी आत जाते" असं माळ्याला हाताला जाणवत होतं ते खरं होतं. पण जायला हवी तेवढी जात नव्हती.

माती खरवडून, धुऊन, वाळवून रीळ परत बसवलं आणि मोजमाप घेतलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घरात होता. इंजिन बंद, टोपी हाताने दाबून धरली आणि शेपटीला काटा लावून ओढलं. आठ किलोपर्यंत ओढलं तरी दोरी हलली नाही. पूर्ण वेगात चार किलोची ओढ मिळते आणि इथे आठ किलोंना दाद नाही. म्हणजे अडथळा मातीपलीकडचा होता.

रीळ बाहेर काढून दोरी उलगडायला घेतली. दोन वेढे सुटले आणि तिसरा सुटेना. वरचा वेढा खालच्याला चिकटलेला होता, पाकात बसलेल्या चिरोट्याच्या पदरांसारखा. नखाने सोडवला तर दोन्हीवर चपटी, चकाकती खूण. नायलॉन तिथे वितळून एकजीव झालं होतं. नायलॉन ६ हा नायलॉनचा नेहमीचा प्रकार वितळतो तो साधारण २२० अंश सेल्सियसला. एवढी उष्णता रिळाच्या आत आली कुठून, हा प्रश्न माळ्यानेच विचारला, आणि मला तो फार आवडला.

उत्तर घर्षणात आहे. हेड सेकंदाला शंभर फेरे घेत असताना शेपटीचं टोक गवतावर, खड्यावर, भिंतीवर आपटतं. त्या प्रत्येक धक्क्याची थरथर दोरीतून आत रिळापर्यंत जाते. वेढे सैल असले, एकमेकांवरून आडवे गेले असले, की ते तिथल्या तिथे एकमेकांवर घासत राहतात. बिंदूएवढ्या जागेवर, मिनिटाला हजारो वेळा. नायलॉन उष्णता लवकर पुढे जाऊ देत नाही, म्हणून ती त्या बिंदूतच साठते. मैदानाला तीन बाजूंनी सिमेंटची भिंत आहे, आणि माळी भिंतीच्या कडेचं गाजरगवत काढताना शेपूट भिंतीवर घासत नेत होता. दोन शेपट्या असमान, त्यामुळे हेड आधीच हेलकावे खात होतं.

आणि मग दोरी स्वतः. माहितीपत्रकात हेडसाठी २.४ मिलिमीटरची गोल दोरी लिहिली होती. रिळावर होती ३ मिलिमीटरची चौकोनी. अण्णांनीच सांगितलं, दुकानात म्हणाले की जाड घ्या, जास्त टिकते. जाड म्हणजे टिकाऊ हे सुतळीला खरं आहे. इथे जाडी सव्वापट झाली की दोरीचा ताठरपणा जवळजवळ अडीचपट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. मग ती लहान रिळाभोवती मुकाट बसत नाही, उसळून सैल होते आणि वेढे एकमेकांत घुसतात. बाहेर यायच्या भोकात धातूची बुश, म्हणजे आतून बसवलेलं गोल अस्तर, असते, तिथे दोरीला काटकोनात वळावं लागतं. ताठ दोरी, त्यात चौकोनी कडा, त्या वळणावर अडते. चौकोनी दोरी कापते छान, हे मी नाकारत नाही, पण ती त्या मापाच्या हेडला हवी. आमच्या एका बुशीत तिने खाच पाडली होती, आणि नवी दोरी त्या खाचेवर कापली जात होती. मैदानातल्या तुकड्यांचा उगम मला तिथे सापडला.

शिवाय ही बंडलं चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत टांगलेली होती. नायलॉन हवेतला ओलावा धरतं, पूर्ण भिजलं तर वजनाच्या सुमारे ९ टक्के, आणि त्या ओलाव्यामुळेच ते लवचीक राहतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते कोरडं पडतं आणि वळणावर काडीसारखं मोडतं. दोरी दिवसभर बादलीत बुडवून ठेवण्याची जी युक्ती जुने माळी सांगतात ती खरी आहे. एका दिवसात ती पाणी थोडंच पिते, पण वरचा थर नरम पडतो. आमच्या प्रकरणात हे कारण सर्वांत लहान होतं असं माझं मत आहे.

गार्डचं मात्र लहान नव्हतं. गार्डच्या कडेला आतून एक छोटी पोलादी पट्टी असते. टेकवल्यावर दोरी जरा जास्त आली तर ती पट्टी दोन्ही शेपट्या एका मापाला कापते. गार्ड काढला की मापच गेलं. शेपूट मध्यापासून २० सेंटिमीटरची २५ झाली तर त्याच वेगाने ती हवेतून फिरवायलाच अडीचपट ताकद लागते. इंजिन ती देऊ शकत नाही, वेग पडतो, क्लच घसरून तापतो, आणि वेग पडला की ओढ गेली. ओलं गवत अडकू नये म्हणून गार्ड काढला, आणि त्यामुळेच दोरी अडली. खडे उडत होते तेही गार्ड नव्हता म्हणून, आणि त्या खड्यांच्या भीतीने पोरगा रेस सोडत होता. मैदानाच्या एका कोपऱ्यात लहान मुलांची घसरगुंडी आहे. ते आठवून मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली.

समितीत तोवर वेगळीच चर्चा सुरू झाली होती. हे यंत्र विकून टाका आणि ठोकावं न लागणारं आणा, असं दोघा-तिघांचं म्हणणं. शेजारच्या गल्लीत विजेवरचं एक छोटं ट्रिमर आहे, त्यात दोरी आपोआप येते. मी ते बघून आले. त्यातही ढकलणारं काही नाही. तिथे रिळाला अडवणारी कडी वेगातल्या बदलाने हलते. काहींत बटण सोडून पुन्हा दाबलं की वेग उतरतो-चढतो, कडी एकदा सरकते आणि रीळ एक पायरी सुटतं. काहींत शेपूट आखूड झाल्यावर भार कमी होऊन हेड जोरात फिरू लागतं, आणि तोच वाढलेला वेग कडी उचलतो. सुरेख कल्पना आहे. पण ती बारीक दोरीची, अंगणातल्या लॉनची यंत्रं. आमच्या लव्हाळ्यापुढे ती टिकणार नाहीत. आणि तिथेही दोरी चिकटली तर चिकटलीच.

या यंत्राचा जन्मच दोरीच्या फटक्यातून झाला. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये मोटारी धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश बघून ही कल्पना काढली आणि पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून पहिलं हेड जुळवलं. एवढ्या साध्या वस्तूसाठी दोन बंडलांचा तोटा माणसाच्या माथी मारायचा, हे मला अजून खुपतं.

दुरुस्तीला एक सकाळ लागली. खाच पडलेली बुश बदलली. २.४ मिलिमीटरची गोल दोरी आणली. रिळाला मधे पडदा असतो, दोन्ही भागांत अडीच-अडीच मीटर गुंडाळली. वेढ्याला वेढा लावून, ताण धरून, रिळावरच्या बाणाच्या दिशेने. बाण उगाच नसतो. जमिनीला टेकलेली टोपी क्षणभर मागे रेंगाळते आणि घर पुढे जातं. दोरी बाणाप्रमाणे असेल तर त्या रेंगाळण्याने ती सुटते, उलट असेल तर आवळली जाते. कडेपर्यंत ठासून भरली नाही, काठाला थोडी जागा ठेवली. काटा लावून पुन्हा ओढलं तर एक किलोच्या आतच रीळ सुटलं. माळी शेजारी बसून बघत होता. दुसरा भाग त्यानेच गुंडाळला, आणि माझ्यापेक्षा नीट.

गार्ड परत चढला. ओलं गवत त्यात अडकतं ही त्याची तक्रार खोटी नव्हती, म्हणून वेळ बदलली. सकाळी सातऐवजी ऊन पडल्यावर दहाला. भिंतीच्या कडेसाठी दुसरं हेड घेतलं, ज्यात रीळच नसतं. हातभर कापलेले तुकडे ओवायचे, संपले की दुसरे. भिंत दोरी खाणारच, तर तिथे रिळातली का घालवायची? टेकवायची जागाही ठरली. चिखलावर नाही, सिमेंटवर नाही, कापलेल्या गवताच्या थरावर. आणि दिवसाअखेर टोपी उघडून माती झटकायची.

चार दिवसांनी तो परत आला. "मावशी, सुरुवातीला एका ठोक्यात बोटभर तार येते. रीळ संपत आलं की अर्धीच येते. पुन्हा चिकटली का?" मी त्याला रिळाचा घेर दोऱ्याने मोजायला लावला. भरलेल्या रिळाचा वेढा मोठा, संपत आलेल्याचा निम्म्याहून लहान. रीळ दर ठोक्याला तेवढंच घसरतं, पण लहान घेरावरून दोरी कमी सुटते. शेवटी शेवटी दोन ठोके द्यायचे, जोरात ठोकायचं नाही.

गणपतीच्या आधी मैदान दोन सकाळींत झालं, दोनदा रीळ भरून. मी अण्णांपुढे वही, काटा आणि चिकटलेल्या दोरीचा तुकडा ठेवला. त्यांनी तुकडा बराच वेळ बोटांत फिरवला, मग कापलेले पैसे परत दिले आणि जाड दोरी आपणच आणली होती हे माळ्यासमोर बोलून दाखवलं.

केव्हा टेकवायचं हे आता तो खाली न बघता ओळखतो. शेपूट झिजत गेली की हवेचा भार कमी होतो आणि इंजिनचा सूर वर चढतो. तो आमच्या भजनी मंडळात ढोलकी धरतो, त्यामुळे चढलेला सूर त्याला माझ्याआधी ऐकू येतो. सूर चढला, हेड टेकलं, पट्टीने जास्तीची दोरी कापल्याचा टक् असा आवाज आला आणि सूर पुन्हा खाली बसला. दुसरी बुश आता थोडी झिजलेली दिसते. पुढच्या आषाढाआधी तीही बदलायची आहे.